ओटीतली पैठणी

"मावशी, ही साडी उलटी आहे का सुलटी?" केतकीनं विचारलं.

परकर-ब्लाऊजवर ती खोलीच्या मधोमध उभी होती आणि मी पार्सलच्या पिशवीतनं साडी बाहेर ओढत होते. नुकतीच तिची ओटी भरून झाली होती. नवऱ्या मुलाकडच्या सवाष्णींनी कुंकू लावून साडी-नारळ ओटीत घातला होता. आता तीच साडी नेसून तिनं हॉलमध्ये येऊन बसायचं, मग अंगठी आणि मग साखरेचा पुडा, अशी आमच्याकडची पद्धत. बाहेर दोन्हीकडची माणसं पंख्याखाली वाट बघत बसली होती.

मी पदर पसरला. मोर होते, कमळं होती, वेलबुट्टी होती, पण सगळं छापलेलं. मागची बाजू पांढरीफटक. कापड हाताला छत्रीसारखं लागत होतं आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. फोटोत वांगी रंग दिसला होता, तो इथं पार काळ्याकडं झुकला होता. साखरपुड्याला काळी साडी कुणी वैऱ्यालाही नेसवत नाही.

"सुलटी," मी म्हणाले. "पण पैठणी नव्हं."

केतकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शालनची, एकुलती एक लेक. मला मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला आणि मी एस.टी.त कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढली, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. निवृत्त झाल्यावर कोरेगावात शालनच्या शेजारीच खोली घेतली. केतकीच्या शाळेचे डबे निम्मे मीच केलेत, म्हणून साडी नेसवायचा मान तिनं मला दिला होता. ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या कापडाचा वास अजून माझ्या नाकातनं गेलेला नाही.

साडीचा गाजावाजा आधी महिनाभर चालला होता. मुलाची आई, फलटणच्या रजनीताई भोईटे, पहिल्याच बैठकीत म्हणाल्या होत्या, "सुनेला आम्ही दुकानातली साडी देत नाही. येवल्याच्या विणकरांकडून थेट मागवणार, ऑनलाइन. खरी हातमागाची." मग त्यांनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले. शालननं त्या फोटोवरनं काठाला मॅचिंग हिरवा ब्लाऊज शिवून घेतला. पुढं रोज ग्रुपवर पार्सलची बातमी. आज भिवंडीला पोचलं, आज निघालं, आज हुबळीला गेलं. येवल्याहून फलटणला यायला हुबळी कशाला लागते, असं मी लिहायला घेतलं, तर शालननं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

मला त्या ऑनलाइन प्रकाराचा आधीच राग होता. मी गुडघ्याचे पट्टे मागवले होते, ते आले लहान पोराच्या कोपराला बसतील असे. तक्रारीला फोन केला तर एक बाई अतिशय गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करायची, आणि मी बोलायला लागले की मला गाण्याच्या तोंडी देऊन पसार व्हायची. बसमध्ये एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं. फोनमधल्या बाईला कुठं उतरवणार?

पार्सल अखेर साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी फलटणला पोचलं. ते तेव्हाच उघडून बघायला काय झालं होतं, असं कुणालाही वाटेल. पण भोईट्यांच्या घरात रीत अशी, की सुनेची पहिली साडी कोरी द्यायची. घडी मोडायची ती तिनंच. दुकानातनं साडी आणायचे तेव्हा ह्या रीतीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण दुकानदार गादीवर साडी उलगडून दाखवायचा आणि मगच घडी घालून द्यायचा. बंद पिशवीतल्या साडीला ही रीत लावायची का, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रजनीताईंनी पिशवीवर हळदकुंकू वाहिलं, ती रात्रभर देवापुढं ठेवली आणि सकाळी तशीच ताटात घालून आणली.

मी दार किलकिलं करून शालनला आत बोलावलं. साडी बघून ती मटकन खुर्चीत बसली.

"आता गं?"

"आता काय? त्यांची साडी हाय, त्यांना आत बोलव. त्यांनी बघावी."

"ताई, तू बोलू नकोस हां. मी बोलते."

पण शालन कसली बोलते. रजनीताई गजरा सावरत आत आल्या, "अजून नेसली नाही?" म्हणाल्या, तर ही नुसती पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग मीच साडी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी पदर उलटून मागची बाजू बघितली. आधी चेहरा पडला, मग ताठ झाला.

"ही आमची साडी नाही."

"तुमच्याच पिशवीतनं निघालीय."

"पिशवी आमची असेल. साडी नाही. फोटो सगळ्यांनी बघितलाय."

"फोटो बघितलाय. साडी कुणी बघितलीय?"

"पिशवी फोडली कुणी?"

"मी."

त्यांची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली. "शुभकार्यात साडीला पहिला हात तुमचा?" मग शालनकडं वळून, "विहीणबाई, तुमच्याकडे सवाष्णी नव्हत्या का हो?"

माझ्या डोक्यात सणक गेली. पण शालननं मागनं माझा दंड घट्ट धरला होता.

"हे बघा," रजनीताई म्हणाल्या, "पार्सल देवापुढं होतं, तिथून थेट ताटात आलं. आमच्याकडे कुणी हात लावलेला नाही. हात लागला तो ह्या खोलीत. खरी पैठणी कुठं गेली, ते तुम्हीच सांगा."

शालनच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मी खुंटीवरची माझी पर्स काढली आणि कॉटवर उलटी केली. चष्म्याचं घर, बी.पी.च्या गोळ्या, कंगवा, एक लिंबू, घडी घातलेली पिशवी. आमच्या नोकरीत तपासणीस कधीही गाडीत चढतो आणि बॅग त्याच्यापुढं ठेवावी लागते. मी आयुष्यभर ठेवली आणि एकदाही खाली बघायची वेळ आली नाही.

"बघा," मी म्हणाले. "ह्यात पैठणी मावती का, तेबी बघा."

"चोरलेली वस्तू पर्समध्येच ठेवतात असं नाही. मागचं दारही आहे."

चोरलेली. शब्द पडला, आणि तो नेमका दारात जमलेल्या बायकांनी ऐकला. मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या. केतकी मात्र खिडकीशी तशीच उभी होती, अंगावर ओढणी घेऊन.

रजनीताईंनी मुलाला हाक मारली. निनाद आला. उंच, गोरा, इस्त्रीचा कुर्ता, पुण्यात चांगली नोकरी. साडीकडं त्यानं एकदा बघितलं आणि नंतर पुन्हा बघितलंच नाही.

"लाव त्या कंपनीला फोन," आई म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."

त्यानं नाइलाजानं फोन लावला. आधी मराठीसाठी एक दाबा, मग ऑर्डरसाठी तीन दाबा, मग गाणं, मग एक पोरगा बोलायला लागला.

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का आपल्याकडे? सील तोडल्यापासूनचा?"

"नाही."

"व्हिडिओशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही, सर. बरेचदा ग्राहकच आतली वस्तू बदलतात, म्हणून कंपनीचा तसा नियम आहे."

"ऐकलंत?" रजनीताई दाराकडं वळून म्हणाल्या. "कंपनीसुद्धा तेच म्हणतेय."

"आपल्या ऑर्डरचं वर्णन वाचून दाखवू का, सर?" पोरगा पुढं म्हणाला, तेवढ्यात निनादनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. दोनदा हो-हो केलं आणि फोन ठेवला. "परत घेत नाहीत," एवढंच म्हणाला.

रजनीताईंनी मग निकाल देऊन टाकला. "मला भांडण वाढवायचं नाही. पाहुण्यांसमोर आमची शोभा होतेय. मावशीबाईंनी बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगावं, की साडी माझ्या हातून बदलली गेली. चुकून म्हणा हवं तर, मी ऐकून घेईन. मग आम्ही अंगठी घालतो. नाहीतर आमच्या गाड्या दारातच आहेत." आणि त्या मुलाला घेऊन निघून गेल्या.

शालननं दार लावून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"ताई, ऐक माझं."

"मी चोर हाय का, शालन?"

"न्हाईस. मला ठावं हाय, देवाला ठावं हाय. पण हे मोडलं तर केतकीला परत कोण विचारंल? मंगळ म्हणून आधीची स्थळं गेली. हा पोरगा तिला आवडलाय गं. फोनवर बोलताना कशी फुलती, तू बघितलंस न्हवं?"

बघितलं होतं. रात्री माझ्या खोलीत येऊन ती त्याच्याशी बोलायची, आणि मी झोपल्याचं सोंग घ्यायचे. पोरीनं आयुष्यात कधी हट्ट केला नव्हता. त्याच्यासाठी केला असता.

"आजच्या दिवस तोंड मिटून घे," शालन म्हणाली. "माझ्यासाठी."

मी तिचे हात सोडवले. मागच्या दारानं मी अंगणात आले. तिथं आचाऱ्यानं चुली मांडल्या होत्या, बासुंदीचं पातेलं उतरवून झाकून ठेवलं होतं, माणसं पानं मांडायला पुढं गेली होती. मी खिडकीखालच्या नळावर तोंड धुतलं आणि वळले, तर समोर निनाद.

"मावशी, एक मिनिट."

"बोला."

"साडी तीच आहे." तो स्वतःच्या मोजडीकडं बघत होता. "म्हणजे, पार्सलमध्ये जी आली तीच. कुणी बदललेली नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"आईनं येवल्याच्या विणकरांची साइट दिली होती. तिथं फार महाग होती. तोच फोटो मला दुसऱ्या एका साइटवर दिसला, अगदी कमी किमतीत. सेल होता. 'आज शेवटचा दिवस' असं वर घड्याळ लावून दाखवत होते. खाली लोकांनी चांगले अभिप्रायही लिहिले होते. मला वाटलं, फोटो तोच आहे म्हणजे साडी तीच असणार."

"आणि आईला सांगितलं न्हाई."

"आईला वाटतंय, तिनं सांगितलं तिथूनच मागवली. पार्सल हातात घेतलं तेव्हाच मला हलकं लागलं होतं. उघडून बघणार होतो. पण तोवर तिनं हळदकुंकू वाहून देवापुढं ठेवलं."

मला वाटलं, चला, पोरगा कबूल झाला. माझ्या जीवात थोडा जीव आला. "मग जावा की आत," मी म्हणाले. "आईला सांगा. आई हाय, रागवंल आन गप बसंल."

"आत्ता? सगळ्या पाहुण्यांसमोर?" त्यानं वर बघितलं. "मावशी, तुम्हाला माझी आई माहीत नाही. ती मला वर्षभर बोलून दाखवेल. तुम्ही आज एवढंच म्हणा, की अदलाबदल झाली. लग्न होऊ दे, मग मी शांतपणे तिला सांगेन. कुणाचं काही जात नाही."

"माझं जातंय ना."

"तुम्ही घरच्याच," तो म्हणाला. "आणि तसं बघितलं तर तुम्हाला आता पुढं कुठं..." वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं.

ते वाक्य मी मनातल्या मनात पुरं केलं. तुम्हाला कुठं आता लग्न करायचंय, कुठं लेकी उजवायच्यात, तुमच्या नावाला किंमत ती काय? एवढं गुळगुळीत बोलणारा माणूस मी बसच्या गर्दीतही पाहिला नव्हता. मी नुसता आवाज चढवला असता तर हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असता. माईक लागला नसता.

पण डोळ्यांपुढं शालनचे हात होते. अंधारात फोनला गाल लावून हसणारी केतकी होती.

"म्हणते," मी म्हणाले. "तुमच्यासाठी न्हाई. पोरीसाठी."

"थँक यू, मावशी." तो मोकळा झाला, हसला, आणि चक्क माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

पुन्हा तोंड धुऊन जरा वेळानं खोलीत आले तर केतकी तीच साडी नेसून तयार. निऱ्या नीट पडत नव्हत्या, कापड फुगून उभं राहत होतं, तरी तिनं ती चापूनचोपून बसवली होती. वरती हिरवा ब्लाऊज अगदी विसंगत दिसत होता.

"नेसलीस?"

"ओटीत घातलीय ना त्यांनी. नेसायलाच पाहिजे." तिचा चेहरा कोरा होता. "चल मावशी. तू माझ्याबरोबर ये."

आम्ही हॉलमध्ये आलो. साडी बघून बायकांच्यात कुजबुज झाली. केतकी निनादशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. शालन आणि तिचे मालक भिंतीशी, आरोपीसारखे उभे. रजनीताईंनी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

"मावशीबाईंना काही सांगायचंय," त्या म्हणाल्या.

मी पुढं झाले. जन्मभर भरल्या गाडीत ओरडून तिकिटं फाडली, आणि त्या दिवशी शालनसारखी पदराचं टोक पिळत उभी राहिले. सगळे माझ्याकडं बघत होते. गल्लीतल्या बायका, शालनच्या सासरचे, ज्यांच्या पोरींना मी अंगाखांद्यावर खेळवलं ते सगळे. उद्या मी कुणाच्या घरी गेले की हे लोक कपाटाला किल्ली लावणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"साडी..." मी सुरुवात केली.

"मावशी, थांब," केतकी म्हणाली. "तू काय बदललीस ते तू कशाला सांगायचं? निनाद सांगेल."

ती त्याच्याकडं वळून बसली आणि अंगठीसाठी डावा हात पुढं केला. रजनीताईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. निनादनं डबी उघडून अंगठी काढली.

"निनाद," तिनं विचारलं, अगदी हळू, लाडानं विचारावं तसं. "साडी मावशीनं बदलली का?"

निनादनं माझ्याकडं बघितलं. मी शब्द दिलेला होता, मी खाली बघितलं. मग त्यानं आईकडं बघितलं. वेळ होता त्याच्याकडं. पुरेसा वेळ होता, आणि केतकी त्याला तो देत होती, हे मला नंतर कळलं.

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "चुकून झालं असेल त्यांच्याकडून."

केतकीनं पुढं केलेली बोटं एकेक करून मिटली. मूठ झाली. ती मूठ तिनं मांडीवर ठेवली.

"मी खिडकीशी उभी होते," ती म्हणाली. "तुम्ही नळापाशी बोलत होता तेव्हा."

निनादची अंगठी चिमटीतच राहिली. बाकी कुणाला काही उमगलं नाही, पण रजनीताईंना उमगलं. त्या मुलाकडं वळल्या.

"निनाद? काय बोललास तू?"

"आई, सेल होता," तो म्हणाला.

त्यानंतर गलका झाला. रजनीताई आधी मुलावर बरसल्या, मग तेवढ्यातच सावरून आमच्याकडं वळल्या. "बरं, झाली चूक पोराची. कबूल. दुसरी साडी आणून देऊ, अस्सल देऊ. एवढ्यातेवढ्यावरून कुणी लग्न मोडतं का? विहीणबाई, समजवा तुमच्या मुलीला. हे मोडलं तर पुढं कोण येणार आहे तुमच्या दारात, त्याचा विचार करा."

माझ्याविषयी एक शब्दही त्यात नव्हता. चोर म्हटलं होतं, ते त्या विसरूनही गेल्या होत्या.

शालन भिंतीपासनं पुढं आली. मला वाटलं, ही आता त्यांचे पाय धरणार. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"रजनीताई," ती म्हणाली. विहीणबाई म्हणाली नाही. "पानं मांडलीत. जेवून घ्या, आन मग निघा."

माझ्या बहिणीनं जन्मात कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. निनाद खुर्चीतनं उठून आईपाशी गेला, तशी शालन माझ्याजवळ आली, माझ्या हाताला धरून मला सगळ्यांमधनं पुढं घेऊन गेली आणि केतकीशेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीत तिनं मला बसवलं.